गुप्तधनाचा राखणदार

आपल्याकडच्या गोष्टींत गुप्तधन म्हटले की त्यावर वेटोळे घालून बसलेला नाग आलाच. मोहरांचा हंडा परसात पुरलेला असतो, त्याची जागा घरातल्या एकट्या म्हाताऱ्याला ठाऊक असते, ती सांगायच्या आत तो डोळे मिटतो आणि पुढच्या तीन पिढ्या परस खणत बसतात. या जुन्या गोष्टीच्या अगदी उलटा असा एक खेळ पंचवीस वर्षांहून अधिक काळ जगभर खेळला जात आहे. त्यातले धन असते फार तर दहा-वीस रुपयांचे. ते जमिनीत पुरायचे नाही, अशी सक्त ताकीद असते. त्याची जागा लपवणारा स्वतःच साऱ्या जगाला सांगून टाकतो. आणि या धनालाही राखणदार असतो. पण तो लोकांना दूर ठेवण्यासाठी नव्हे, तर येणाऱ्याला डबा कोरडा आणि जागच्या जागी सापडावा म्हणून.

या खेळाचे नाव जिओकॅशिंग. हा शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा ‘जिओ’ म्हटल्यावर मला मोबाइलची कंपनी आठवली आणि ‘कॅश’ म्हटल्यावर रोकड. प्रत्यक्षात जिओ म्हणजे पृथ्वी आणि कॅश हा मूळचा फ्रेंच शब्द. रानावनातून फिरणारे शिकारी आणि वाटसरू परतीच्या वाटेसाठी शिधा कुठेतरी लपवून ठेवत, त्या साठ्याला हा शब्द वापरत. अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरी मुलाकडे काही महिने मुक्कामाला होतो, तिथे नऊ वर्षांच्या नातीने मला या खेळाची दीक्षा दिली. घरात बसून दूरचित्रवाणी बघणाऱ्या आजोबांना बाहेर काढण्याचा तिच्या आईबाबांचा तो डाव असावा. तो चांगलाच यशस्वी झाला.

आज जगात असे तीस लाखांहून अधिक डबे लपवलेले आहेत. ते शोधणाऱ्यांचे कौतुक पुष्कळ होते. मला मात्र तिथल्या मुक्कामात खरे कुतूहल वाटू लागले ते दुसऱ्याच गोष्टीचे. कुलूप नाही, पहारा नाही, मालक समोर नाही, अशी एक वस्तू उघड्यावर वर्षानुवर्षे टिकते कशी? तिला टिकवतो कोण?

एका बादलीची गोष्ट

या खेळाची जन्मतारीख नेमकी सांगता येते. जीपीएस ही उपग्रहांच्या साह्याने ठिकाण सांगणारी यंत्रणा मुळात अमेरिकी सैन्यासाठी उभारलेली. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे तिचे उपग्रह सतत वेळेचे संकेत पाठवत असतात. हातातले यंत्र निदान चार उपग्रहांचे संकेत पकडते, प्रत्येकाला पोहोचायला किती वेळ लागला ते मोजते आणि त्यावरून आपण कुठे उभे आहोत हे काढते. शत्रूच्या हाती अचूक साधन जाऊ नये म्हणून सामान्य नागरिकांसाठीच्या संकेतात पूर्वी मुद्दाम चूक मिसळलेली असे. त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायची. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशानुसार २ मे २००० रोजी ही भेसळ थांबवण्यात आली. एका रात्रीत हीच यंत्रे कितीतरी पट अचूक झाली.

दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ही अचूकता पारखून पाहायचे ठरवले. पोर्टलंडच्या आग्नेयेला बीव्हरक्रीक नावाचे गाव आहे. त्याच्या जवळच्या झाडीत त्यांनी एक बादली ठेवली. तिच्यात काही पुस्तके, व्हिडिओ कॅसेट, संगणकाच्या आज्ञावल्या, थोडे पैसे, एक गलोल आणि शिजवलेल्या घेवड्याचा एक हवाबंद डबा अशा वस्तू होत्या. जोडीला वही आणि पेन्सिल. मग त्या जागेचे अक्षांश-रेखांश त्यांनी इंटरनेटवर जाहीर केले. नियम एवढाच, की सापडल्यास त्यातले काही घ्यावे, काही ठेवावे आणि वहीत नोंद करावी. तीन दिवसांच्या आत बादली दोघांना सापडली. पहिले होते माईक टीग. त्यांनीच मग अशा जागांची यादी ठेवायला सुरुवात केली. महिनाअखेरीस मॅट स्टम यांनी ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचवले आणि सप्टेंबर २००० मध्ये सिअ‍ॅटलच्या जेरेमी आयरिश यांनी या खेळासाठी संकेतस्थळ सुरू केले. तेव्हा जगभरात असे डबे होते अवघे पंचाहत्तर.

बीव्हरक्रीकची ती जागा मी पाहून आलो. बादली आता तिथे नाही. २००३ मध्ये बसवलेला एक स्मरणफलक तेवढा आहे. रस्त्याकडेची झाडी, थोडी ओल, पक्ष्यांचे आवाज. तीर्थक्षेत्र म्हणावे असे काही नाही. पण लोक लांबून येतात, फलकाला हात लावतात, मुलांचे फोटो काढतात आणि जातात. ही आता स्मारकाची जागा झाली. त्याच मे महिन्याच्या ११ तारखेला कॅन्सस राज्यात ठेवलेला ‘मिंगो’ नावाचा कॅश मात्र आजही चालू आहे आणि चालू असलेल्यांत तो सर्वांत जुना मानला जातो.

खेळाचे मूळ याहूनही जुने आहे. इंग्लंडच्या डार्टमूर या ओसाड माळरानावर क्रॅनमिअर पूल नावाची आडबाजूची जागा आहे. जेम्स पेरट हा वाटाड्या प्रवाशांना तिथे घेऊन जाई. १८५४ मध्ये त्याने तिथे एक बाटली ठेवली. एवढी पायपीट करून पोहोचणाऱ्याने आपले नावाचे कार्ड तिच्यात टाकावे, ही कल्पना. त्यातून तिकडे ‘लेटरबॉक्सिंग’ हा छंद वाढला. बाटली ठेवणारा माणूस स्वतः त्या वाटेने वारंवार जाणारा वाटाड्या होता, हे मला महत्त्वाचे वाटते.

पहिला डबा शोधताना

सुरुवात करायला आता वेगळे यंत्र लागत नाही. साधा स्मार्टफोन पुरतो. जिओकॅशिंगचे ॲप घ्यायचे, एक टोपणनाव घेऊन विनामूल्य खाते उघडायचे, की नकाशावर आसपासचे डबे दिसू लागतात. प्रत्येकाला दोन श्रेणी दिलेल्या असतात. शोधायला किती अवघड ही एक आणि तिथवर पोहोचायला किती अवघड ही दुसरी. दोन्ही एक ते पाच. पोहोचण्याची श्रेणी एक असेल तर चाकांच्या खुर्चीवरून जाता येईल अशी जागा. पाच असेल तर होडी, दोर असे काहीतरी लागणार. नवख्याने दोन्ही श्रेणी दोनच्या आत असलेला साधा, मध्यम आकाराचा डबा निवडावा. पुष्कळ डबे करंगळीच्या टोकाएवढे असतात. त्यांच्या नादी पहिल्याच दिवशी लागू नये, मुले कंटाळतात. आणि निघण्यापूर्वी त्या डब्याच्या शेवटच्या चार-पाच नोंदी वाचाव्यात. चौघांना ओळीने सापडला नसेल तर तो तिथे नसण्याचीच शक्यता अधिक.

मुलांना भूगोल शिकवायला याहून चांगला तास मला माहीत नाही. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्याचे साठ भाग केले की एक मिनिट, म्हणजे साधारण १८५० मीटर. या खेळात मिनिटाचे पुढे तीन दशांश स्थळांपर्यंत आकडे देतात. शेवटचा आकडा एकाने बदलला तर जागा दोन मीटरहूनही कमी सरकते. नात हे तोंडपाठ सांगायची आणि मग ऐटीत म्हणायची, “पण फोन एवढा शहाणा नसतो!” ते खरे आहे. दाट झाडीत किंवा उंच इमारतींमध्ये फोन पाच-दहा मीटर सहज चुकतो. म्हणून जवळ पोहोचल्यावर फोन खिशात ठेवायचा आणि डोळे वापरायचे.

आमचा पहिला डबा एका सार्वजनिक उद्यानात होता. मी सगळीकडे पाहत होतो, ती एका ओंडक्यापाशी थांबली. “आजोबा, झाडं कधी काटक्या अशा ओळीनं रचून ठेवतात का?” निसर्गात जे जरा जास्तच नीटनेटके दिसते तिथे माणसाचा हात असतो, हे तत्त्व मला तिच्याकडून कळले. काटक्यांच्या खाली झाकणाला चार बाजूंनी पकडी असलेला, आपण लोणच्याला वापरतो तसा डबा. आत वही, दोन गोट्या, एक किल्ल्यांची साखळी आणि रबरी बेडूक. तिने बेडूक घेतला आणि आपली एक रंगीत बांगडी ठेवली. घेतले त्याच्या तोलाचे किंवा थोडे अधिक ठेवायचे, हा इथला रिवाज. काहीच न घेता नुसती सही केली तरी चालते.

आणखी चार रिवाज सांगून ठेवतो. स्वतःचा पेन किंवा पेन्सिल न्यावी, कारण डब्यातली हमखास हरवलेली असते. खेळ माहीत नसलेल्या लोकांना खेळाडू हॅरी पॉटरच्या पुस्तकातल्या शब्दाने ‘मगल’ म्हणतात. त्यांच्यादेखत डबा काढू नये. अंक कोरलेला धातूचा बिल्ला सापडला तर तो प्रवासी समजावा. या बिल्ल्यांना एका डब्यातून दुसऱ्यात पोहोचवायचे असते, घरी ठेवायचे नसते. अशा प्रवाशाचा क्रमांक २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ या गाडीवरही आहे. आणि शेवटचा रिवाज: डबा जिथे जसा होता तिथे तसाच परत ठेवायचा. आपल्याला त्याहून बरी वाटणारी जागा दिसली तरीही.

घरी आल्यावर ॲपवर नोंद करायची. सापडला तर सापडला; नाही सापडला तर तसे. ही ‘नाही सापडला’ नोंद करायला लोक लाजतात. खरे तर डब्याच्या मालकाला सर्वांत उपयोगी तीच असते. त्याच्या दृष्टीने शोधणारे हेच त्याचे डोळे.

मांडणारा आणि भरणारा

दहा-बारा डबे सापडले, की प्रत्येकाला एक मोह होतो. आपणही एक लपवावा! नातीलाही झाला, मलाही झाला. संकेतस्थळाचा सल्ला असतो, की आधी निदान वीस तरी शोधा. त्यामागचा हेतू आम्हाला हळूहळू कळत गेला. वीस डबे पाहिले की त्यातले पाच-सहा ओले, फुटके, वही भरून गेलेले निघतात आणि कोणता डबा का टिकतो हे कोणी न सांगता समजते.

लपवण्याचे नियम बरेच आहेत, पण सगळे व्यवहाराचे. जमिनीच्या मालकाची परवानगी हवी. दोन डब्यांत १६१ मीटरचे, म्हणजे मैलाच्या दहाव्या भागाचे अंतर हवे. खड्डा खणायचा नाही, झाडाला खिळा मारायचा नाही, भिंतीचा दगड हलवायचा नाही. खाऊ ठेवायचा नाही, कारण वासावर प्राणी येऊन डबा चावून फोडतात. औषधे, दारू, चाकू, काडेपेटी वर्ज्य. शाळेच्या आवारात आणि रेल्वेच्या रुळांजवळ नको. मग तुमचा प्रस्ताव स्वयंसेवक असलेला तपासनीस तपासतो आणि पसंत पडला तरच डबा नकाशावर येतो. सहलीला गेलेल्या गावी डबा ठेवून परत यायचे, हे चालत नाही. तिथे पोहोचून त्याची देखभाल कोण करणार, हे आधी सांगावे लागते. साहजिकच, परतीचे तिकीट खिशात असलेल्या माझ्यासारख्या पाहुण्याचा प्रश्न तिथेच मिटला.

आपल्याकडे उन्हाळ्यात पाणपोया मांडल्या जातात. पहिल्या दिवशी मांडव असतो, रांजणाला हार असतो, मांडणाऱ्याच्या नावाचा फलक असतो. पंधरा दिवसांनी फलक तसाच असतो आणि रांजण कोरडा. पाणपोई मांडणे हे एका सकाळचे काम. रोज पहाटे रांजण घासून भरणारा माणूस निराळा असावा लागतो आणि त्याचे नाव फलकावर नसते. जिओकॅशिंगचे मला मोल वाटते ते यासाठी, की या खेळाने हे दोन्ही एकाच माणसावर सोपवले आहे. जो मांडेल त्यानेच भरायचे.

भरायचे म्हणजे काय करायचे? मुख्य शत्रू पाणी. एकेकाळी कॅमेऱ्याच्या रोलच्या प्लॅस्टिकच्या डब्या या कामी सर्रास वापरत. पण त्यांच्या झाकणातून ओल आत शिरतेच. त्यापेक्षा शीतपेयाच्या बाटल्या ज्यापासून फुगवतात त्या जाड नळ्या बऱ्या. मोठ्यांत सर्वांत टिकाऊ म्हणजे सैन्यातून निघालेले गोळ्यांचे रिकामे लोखंडी डबे, झाकणाला रबराची पट्टी असलेले. डबा कितीही चांगला असो, ती पट्टी झिजते, तिच्यात वाळूचा कण नाहीतर वहीच्या पिशवीचा कोपरा अडकतो आणि पुढच्या पावसात आत तळे साचते. म्हणून मालकाने वर्षातून दोनदा तरी जायचे. डबा पुसून कोरडा करायचा, पट्टी पाहायची, भरलेली वही काढून नवी ठेवायची, कुजलेल्या वस्तू फेकायच्या, जागा सरकली नाही ना ते तपासायचे. मग ‘देखभाल केली’ अशी नोंद करायची.

मधल्या काळात शोधणाऱ्यांनी ‘मालकाने लक्ष घालावे’ अशी नोंद केली तर लवकर जावे. जमत नसेल तर डबा तात्पुरता बंद असल्याचे जाहीर करावे, म्हणजे लोकांची पायपीट वाचते. काहीच हालचाल झाली नाही तर तपासनीस आठवण करतो. त्यालाही उत्तर नाही आले, तर साधारण महिन्याभराने डबा यादीतून निघतो. पण यादीतून निघालेला डबा झाडीतून आपोआप निघत नाही. तो तिथेच राहतो आणि आता तो खेळ नसतो, कचरा असतो. २००२ पासून या खेळात एक पाठ रुजवला जात आहे. डबा शोधायला जाताना पिशवी न्यायची आणि येताना वाटेवरचा कचरा घेऊन यायचे. तो पाठ पाळणाऱ्यांनीच मागे बेवारस डबे टाकले तर त्याला अर्थ काय राहिला?

शेजारीणबाईंचा डबा

मुलाच्या शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक बाई राहतात. गावाबाहेरच्या डोंगरवाटेवर त्यांचा एक लोखंडी डबा वीस वर्षांपासून होता. पोर्टलंडकडे ऑक्टोबरपासून मेपर्यंत पावसाची रिपरिप चालते. बाई दर वर्षी दोन फेऱ्या करत, पाऊस लागण्याआधी एक आणि तो सरल्यावर एक. मग गुडघ्यांनी दगा दिला. दोन हिवाळे त्या वर जाऊ शकल्या नाहीत. ‘वही ओली’, ‘वहीचा लगदा झाला आहे’, ‘झाकण लागत नाही’ अशा नोंदी येत गेल्या आणि अखेर तपासनिसाचे पत्र आले. महिन्याच्या आत काही करा, नाहीतर डबा बंद करावा लागेल.

या खेळात डबा दत्तक देता येतो. शब्दही हाच वापरतात. जुन्या मालकाने प्रस्ताव पाठवायचा, नव्याने स्वीकारायचा, की डबा त्याच्या नावावर होतो. त्याचा सगळा इतिहास, सगळ्या जुन्या नोंदी तशाच राहतात. बाईंनी सूनबाईंना विचारले. सूनबाई लगेच हो म्हणाल्या नाहीत, आणि मला त्यांचे तेच आवडले. नोकरी, घर, मुलीची शाळा. त्यात वर्षातून दोनदा त्या डोंगरावर जाणे निभेल का, याचा त्यांनी आठवडाभर विचार केला. “उत्साहात हो म्हणायचं आणि मग तो डबा परत कुजवायचा, त्यापेक्षा आत्ताच बंद झालेला बरा,” असे त्या म्हणाल्या. अखेर मायलेकींनी मिळून जबाबदारी घ्यायची ठरवली.

एका रविवारी आम्ही गेलो. मुलगा, सूनबाई आणि नात वर गेले. मी आणि शेजारीणबाई पायथ्याच्या बाकावर बसलो. गुडघे दोघांचेही एकाच पिढीचे! त्यांनी पिशवीतून जुन्या वह्या काढल्या. भरलेल्या वह्या त्या घरी आणून सुकवून ठेवत. अशा सहा होत्या. मी चाळत होतो. कुठे नुसती सही आणि तारीख. कुठे “पाऊस फार, पण डबा कोरडा” एवढेच. एका कुटुंबाची नोंद तीन वह्यांत आली होती. पहिल्या वहीत लहान मुलाचा रंगीत खडूने गिरमटलेला गोळा, दुसरीत त्याचे वेडेवाकडे नाव, तिसरीत त्याचीच झोकदार सही. ही माणसे बाईंना कधी भेटली नव्हती. तरी त्या मुलाचा विषय निघाला, की त्या नातलगाबद्दल बोलावे तशा बोलत.

मी विचारले, की इतकी वर्षे हे का केले? त्यांनी मोठे काही सांगितले नाही. डबा आहे असे आपण जाहीर केले आहे, लोक दोन तास चढून जातात, मग तो असायला नको का, असा त्यांचा साधा सवाल होता. मग त्यांनी कामाच्या गोष्टी सांगितल्या. शाईचा पेन ठेवू नये, ओल लागली की अक्षरे पसरतात. पेन्सिल पिकते ना पुसते. ओल शोषणाऱ्या पुड्या एका पावसाळ्यात भरून जातात, त्या बदलाव्यात, नाहीतर त्याच ओल सोडू लागतात. वहीची पिशवी डब्याहून लहान घ्यावी, म्हणजे तिचे टोक झाकणात अडकत नाही. आणि डबा सापडला नाही म्हणून कोणी परस्पर दुसरा ठेवून गेले तर आभार मानावेत, पण जाऊन पाहावेच. पुष्कळदा जुना जागेवरच असतो आणि मग एका जागी दोन डबे होतात.

वर डबा उघडला तेव्हा आत चार बोटे तपकिरी पाणी होते, असे नातीने खाली येऊन नाक मुरडत सांगितले. झाकणाची पट्टी फाटली होती. डबा गंजला होता, पण भोक पडले नव्हते. त्यांनी तो घासला, पुसला, नवी पट्टी बसवली, नवी वही ठेवली. कुजलेला सगळा ऐवज एका पिशवीत भरून खाली आणला. बाईंनी ती पिशवी उघडून पाहिली, त्यातली गंजलेली एक छोटी शिट्टी काढून खिशात टाकली आणि बाकीचे कचऱ्याच्या डब्यात टाकायला सांगितले. सूनबाईंनी फोनवर प्रस्ताव स्वीकारला. बाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, की ऑक्टोबरच्या फेरीची आठवण मी करीन.

आपल्या डोंगरांत

भारतात हा खेळ आहे, पण तुरळक. डोंगरवाटांची आवड असलेल्या महाराष्ट्रात तो वाढायला काही हरकत नाही. मात्र ऑरेगनचा खेळ जसाच्या तसा उचलून सह्याद्रीत ठेवता येणार नाही.

पहिली गोष्ट सुरक्षिततेची. ‘बेवारस वस्तूंना हात लावू नका’ ही सूचना ऐकत आपण प्रवास करतो, आणि ती उगाच केली जात नाही. पुलाखाली नाहीतर बाकाखाली चिकटवलेला डबा कोणाच्या नजरेस पडला तर तो पोलिसांनाच कळवणार, आणि त्याने तसेच करायला हवे. परदेशांतही हे घडलेले आहे. इंग्लंडमधल्या वेदरबी गावात जुलै २०११ मध्ये असाच एक लहान डबा पाहून लोकांना शंका आली, रस्ता बंद करावा लागला आणि बॉम्बनाशक पथकाला बोलवावे लागले. म्हणून स्थानके, पूल, धरणे, विमानतळ, लष्करी हद्द, गर्दीची देवळे ही सगळी ठिकाणे वर्ज्य समजावीत. लोखंडी डबाही आपल्याकडे नको. आतले दिसेल असा पारदर्शक डबा घ्यावा आणि ‘हा खेळाचा डबा आहे’ असे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत त्यावर स्पष्ट लिहावे.

दुसरी गोष्ट गडांची. आपले बरेच किल्ले संरक्षित स्मारके आहेत. तटातला सैल चिरा काढून आत डबी सरकवणे हा खेळ नव्हे, ती नासधूस. वनखात्याच्या जमिनीवर खात्याची परवानगी हवी. त्यातून दगडांच्या फटीत आपल्याकडे विंचू असतो, घोणस असते. मुलांनी हात घालण्याआधी मोठ्याने काठीने चाचपावे. आणि पाऊस! पोर्टलंडची रिपरिप कुठे आणि घाटमाथ्यावरचा आषाढ कुठे. इथे मे महिन्यात डबा काढून घरी आणायचा, यादीत तात्पुरता बंद दाखवायचा आणि दसऱ्याला परत ठेवायचा, हेच शहाणपणाचे ठरेल.

तिसरा मार्ग मला सर्वांत पसंत आहे. या खेळात डबाच नसलेला एक प्रकार आहे, ‘अर्थकॅश’. अमेरिकेतल्या भूवैज्ञानिकांच्या संस्थेच्या साह्याने २००४ पासून तो सुरू आहे. ठिकाणी जायचे, तिथल्या खडकाचे निरीक्षण करायचे आणि दिलेल्या प्रश्नांची उत्तरे पाठवायची. काही लपवायचे नाही, त्यामुळे काही कुजत नाही. लाव्हाच्या थरांवर थर रचून झालेला आपला सह्याद्री, बेसाल्टमध्ये उल्का आदळून तयार झालेले लोणारचे विवर, ओढ्यांतले रांजणखळगे. अशा खेळासाठी याहून श्रीमंत प्रदेश कोणता? देखभाल इथेही असते, पण ती प्रश्नांची आणि उत्तरांची. आलेली उत्तरे वाचायची, चुकले असेल तर समजावून सांगायचे. निवृत्त शिक्षकांना हे काम घरबसल्या करता येईल.

गड स्वच्छ करायला, टाक्यांतला गाळ उपसायला दर आठवड्याला जाणारी तरुण मंडळी आपल्याकडे आहेत. मांडणाऱ्यापेक्षा भरणाऱ्याचे काम मोठे, हे त्यांना कोणी शिकवायला नको. हा खेळ अशा हातांत पडला तर नीट रुजेल.

पुण्याला परतल्यावर मी अजून एकही डबा लपवलेला नाही. घरापासून पायी जाता येईल आणि पुढची दहा वर्षे जात राहता येईल, अशी जागा आणि तिची परवानगी मिळाल्याखेरीज लपवणारही नाही. शोधायला मात्र कोणाची वाट पाहावी लागत नाही. येत्या रविवारी मुलांना घेऊन जवळचा एखादा डबा गाठा. सापडला तर वहीत तारीख घाला, नाही सापडला तर तसे प्रामाणिकपणे कळवा, वही ओली असेल तर तेही लिहा. दूर कुठेतरी कोणीतरी ती नोंद वाचून पिशवी भरणार आहे. आणि निघताना झाकणाच्या चारी पकडी लागल्या ना, हे एकदा बोटाने दाबून पाहा.